अंगावर काढलेली दुखणी : प्रौढांच्या किरकोळ तक्रारींच्या गणनेचा इतिहास

रोगांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. देवी, पटकी, प्लेग, क्षय यांपैकी प्रत्येकाला त्याचा त्याचा इतिहासकार लाभला, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण या रोगांनी गावे ओसाड केली, राज्यकर्त्यांना कायदे करावयास लावले आणि दप्तरखान्यांतून कागदांचे ढीग मागे ठेवले. याच्या उलट डोके दुखणे, कंबर धरणे, पडसे, पित्त, अंग मोडून येणे, रात्री झोप न लागणे, जिना चढताना धाप लागणे, या गोष्टींनी कोणाचे राज्य बुडाले नाही. मृत्यूच्या नोंदवहीत त्या येत नाहीत, रुग्णालयाच्या नोंदवहीत क्वचित येतात, आणि ज्याला त्या होतात तोही त्या चार दिवसांत विसरून जातो. तथापि धडधाकट समजल्या जाणाऱ्या, आपापला उद्योग करीत असलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी किती जणांस एखाद्या पंधरवड्यात वा महिन्यात असे काही ना काही होत असते, हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत वारंवार विचारला गेला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास सांगण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. निबंधकार वैद्यकाचा अभ्यासक नाही, भाषेचा आहे. तरी त्याने या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस का केले, हे पुढील दोन आकड्यांवरून ध्यानी यावे.

इंग्लंड-वेल्समध्ये १९४३ ते १९५२ या काळात झालेल्या सरकारी पाहणीचा मुख्य आधार घेऊन पुढे असा हिशेब मांडण्यात आला की, १६ वर्षे व त्यावरील दर हजार माणसांपैकी सुमारे ७५० जणांस कोणत्याही एका महिन्यात काहीतरी दुखणे वा दुखापत होते. भारतात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षात, मागील १५ दिवसांत आजारी असल्याचे सांगितलेल्यांचे प्रमाण शेकडा ७.५ निघाले, ग्रामीण भागात ६.८, नागरी भागात ९.१. भारतीय पाहणीचा कालावधी निम्मा आहे आणि तीत मुलेही धरली आहेत, हे खरे. परंतु एवढ्याने दहापट तफावतीचा उलगडा होत नाही. भारतीय माणूस इंग्रज माणसापेक्षा कित्येक पटींनी निरोगी आहे, असे तर कोणीच म्हणणार नाही. मग मोजले काय गेले?

आजार मोजण्याची कल्पना मृत्यू मोजण्याच्या कल्पनेपेक्षा बरीच उशिरा आली. लंडनच्या मृत्युपत्रकांवर जॉन ग्रांटने आपला ग्रंथ १६६२ साली लिहिला. आजारपणाचे तक्ते तयार व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि तेही इंग्लंडमधील परस्परसाहाय्यक मंडळ्यांच्या हिशेबापोटी. सभासद कामावर जाऊ शकला नाही तर त्याला भत्ता द्यावयाचा. सबब आजार म्हणजे भत्त्याचे दिवस, अशी व्याख्या आपोआप रूढ झाली. डोके दुखत असताना मागावर बसलेला विणकर या हिशेबात निरोगीच ठरे. घरातील स्त्रीचे काम तर मजुरीत मोडतच नसल्यामुळे ती बहुतांशी या हिशेबाच्या बाहेरच राहिली.

घरोघरी जाऊन विचारण्याचा सुरुवातीच्या काळातील एक पद्धतशीर प्रयत्न म्हणून अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या हेगर्सटाउन येथील पाहणीचा उल्लेख करावयास हवा. एडगर सिडनस्ट्रिकर याच्या मार्गदर्शनाखाली १९२१ ते १९२४ या काळात ही पाहणी झाली. दर सहा ते आठ आठवड्यांनी कार्यकर्ते त्याच कुटुंबांकडे परत जात आणि मधल्या काळात कोणास काय झाले ते टिपून घेत. वर्षाकाठी माणशी एकाहून थोडे अधिक आजार, असा हिशेब निघाला. त्या वस्तीतील मृत्यूंच्या प्रमाणाशी तुलना करता हा आकडा शंभरपटींहून जास्त होता. मृत्यूच्या नोंदींवरून जनतेचे आरोग्य ओळखू पाहणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता. येथे एक बारकावा नजरेआड होऊ नये. माहिती देणारी व्यक्ती बहुधा गृहिणी असे. घरातील सर्वांची दुखणी ती स्मरणाने सांगणार; नवऱ्याने न बोलता सोसलेले दुखणे तिच्या कानी गेले नसेल तर ते कागदावर उतरणार नाही. घरोघरीच्या पाहण्यांतील हा दोष पुढे सर्वत्र ओळखीचा झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारला निराळीच चिंता लागून राहिली होती. शिधावाटप, काळोखातील रात्री, कारखान्यांतील जादा तास या सर्वांमुळे लोकांची प्रकृती ढासळत आहे काय, हे रुग्णालयांच्या आकड्यांवरून समजत नव्हते. म्हणून १९४३ पासून दरमहा काही हजार प्रौढांच्या नमुन्यास भेटून गेल्या काही महिन्यांत त्यांस काय काय झाले ते विचारण्यास प्रारंभ झाला. ही 'आजारांची पाहणी' १९५२ पर्यंत अखंड चालली. लोगन व ब्रुक यांनी तिचा एकत्रित अहवाल १९५७ साली प्रसिद्ध केला. नऊ वर्षे महिन्यामागून महिने, युद्धात आणि शांततेत, सरकारने सामान्य माणसाला 'तुम्हांला कसे वाटते?' असे विचारीत राहावे, ही घटना इतिहासकारांच्या नजरेतून सुटली आहे असे मला वाटते. आरोग्यसेवा योजना १९४८ मध्ये सुरू झाली, तीही या पाहणीच्या काळातच. डॉक्टर मोफत झाला तेव्हा लोक किती प्रमाणात त्याच्याकडे जाऊ लागले, हे पाहण्याचे साधन त्यामुळे अनायासे हाती होते.

त्याच सुमारास लंडनच्या पेकम विभागात उलट्या दिशेने एक प्रयोग चालू होता. स्कॉट विल्यमसन आणि इनेस पिअर्स या डॉक्टरांनी १९३५ साली तेथे कुटुंबांसाठी एक आरोग्यकेंद्र नव्या इमारतीत थाटले. पोहण्याचा तलाव, उपाहारगृह, मुलांचे खेळ आणि वर्षातून एकदा सर्वांची तपासणी. येथे लोकांना विचारण्याऐवजी डॉक्टरांनी पाहिले. ज्यांच्यात काहीही विकार आढळला नाही असे लोक शेकडा ९ च निघाले. ज्यांच्यात विकार सापडला त्यांतील बऱ्याच जणांना आपल्याला काही झाले आहे याची जाणीवच नव्हती. 'बरे वाटणे' आणि 'आरोग्य' या दोन गोष्टी भिन्न आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. केंद्र १९५० साली बंद पडले. परंतु विचारलेले उत्तर आणि पाहिलेले उत्तर यांतील अंतर या प्रयोगाने उघड केले.

आता मघाच्या ७५० कडे परत येऊ. केर व्हाइट, फ्रँकलिन विल्यम्स आणि बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९६१ साली एक छोटासा लेख लिहिला. त्यात एकात एक बसवलेल्या चौकोनांची आकृती होती. हजार प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांस काही ना काही होते, २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात, ५ दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जातात, आणि अवघा १ विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो. वैद्यकाचे विद्यार्थी ज्या एकावरून मनुष्यजातीचे आजार शिकत होते तो हजारांतला एक होता, हे या आकृतीने एका दृष्टिक्षेपात दाखविले. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, लॅरी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नव्या आकड्यांवरून तीच आकृती पुन्हा काढली, या वेळी मुलांसह. लक्षणे जाणवणारे ८००, डॉक्टरांच्या दवाखान्यात जाणारे २१७, रुग्णालयात दाखल होणारे ८. मधल्या चाळीस वर्षांत औषधे बदलली, यंत्रे बदलली, विम्याची पद्धत बदलली. आकृतीचा घाट जवळपास तोच राहिला.

१९६३ मध्ये लास्ट या संशोधकाने या प्रकाराला हिमनगाची उपमा दिली आणि ती फार लोकप्रिय झाली. आपल्याकडील लेखकही ती सर्रास वापरतात. मला तिचे नवल वाटते. कारण ज्या मुलखात कोणी हिमनग पाहिलेला नाही तेथील भाषेत या वस्तुस्थितीसाठी नेमका वाक्प्रचार पूर्वीपासून आहे : 'अंगावर काढणे'. 'तिने ताप अंगावर काढला.' औषध न घेता, अंथरूण न धरता, नेहमीची कामे करीत दुखण्याचे दिवस पार पाडणे असा त्याचा अर्थ. 'काढणे' हे क्रियापद येथे 'दिवस काढणे', 'रात्र काढणे' यांतलेच आहे. या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. 'तिला ताप आला' या वाक्यात ताप हा कर्ता आहे, ती चतुर्थीत उभी आहे. दुखणे तिच्याकडे आले, तिने काही केले नाही. 'तिने ताप अंगावर काढला' येथे मात्र कर्तृत्व तिच्याकडे आले. डॉक्टरकडे न गेलेले ते ५०० जण आकृतीत कोरी जागा म्हणून दिसतात. मराठी वाक्यात ते काहीतरी करीत असतात.

याच रीतीने 'आजारी' या शब्दाकडे पाहिले तर मूळ कोड्याची एक बाजू उलगडू लागते. 'माझे डोके दुखते', 'मला कणकण वाटते', 'पोटात कळ येते', 'अंगात कसकस आहे', 'मला मळमळते' या सर्व वाक्यांत माणूस षष्ठीत वा चतुर्थीत आहे, किंवा अजिबात नाही. दुखणे ही घटना आहे आणि ती माणसाच्या ठायी घडते. 'मी आजारी आहे' हे वाक्य निराळ्या जातीचे आहे. येथे माणूस प्रथमेत आहे आणि तो एक स्थिती स्वतःकडे घेत आहे. ती घेतली की घरातल्यांनी त्याला उठवू नये, पाहुण्यांनी भेटीस यावे, कामाचा खाडा माफ व्हावा, या गोष्टी तिच्यामागून येतात. समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स याने १९५१ साली रुग्णाच्या भूमिकेविषयी जे विवेचन केले ते मराठीत एका विभक्तीच्या फरकात सामावते. शिवाय आपण 'आजारी पडतो'. जो पडलेला नाही, जो चुलीपुढे किंवा बांधावर उभा आहे, त्याने स्वतःला आजारी म्हणविणे भाषेच्या जाणिवेलाच खटकते. 'आजार' हा शब्द फारसी, मूळ अर्थ पीडा, यातना; 'तक्रार' अरबी, मूळ अर्थ पुन्हा पुन्हा होणे. दुसरा शब्द रोजच्या दुखण्यांना किती चपखल बसतो! परंतु जे पुन्हा पुन्हा होते ते सांगण्यासारखे राहत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

शब्द बदलला की आकडा बदलतो, हे पाश्चात्त्य पाहण्यांनीही दाखवून दिले. मात्र तेथे त्याचे श्रेय पद्धतीला दिले गेले, भाषेला नव्हे. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल येथे १९४९ मध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीत १९५ प्रश्न होते. रोगांची नावे टाळून बहुतांशी साध्या बोलीत विचारलेले, 'होय' वा 'नाही' एवढेच उत्तर अपेक्षिणारे. 'तुम्ही आजारी होता काय?' या एका प्रश्नाऐवजी अशी यादी वाचून दाखविली की माणसाला आठवत जाते. ब्रिटनमध्ये कॅरन डनेल आणि ॲन कार्टराइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लक्षणांची यादी समोर ठेवली होती. मागील दोन आठवड्यांत दहांपैकी नऊ प्रौढांना त्यांतील एकतरी लक्षण जाणवले होते. वॉड्सवर्थ, बटरफील्ड आणि ब्लेनी यांच्या १९७१ च्या लंडनमधील अभ्यासात हे प्रमाण शेकडा सुमारे ९५ निघाले, तेही चौदा दिवसांत. युद्धकालीन पाहणीचा महिन्याचा आकडा ७५ होता हे ध्यानात घ्यावे. कालावधी अर्धा झाला आणि प्रमाण वाढले. त्या वीस वर्षांत ब्रिटिशांची प्रकृती इतकी बिघडली असे मानण्यास काहीच आधार नाही.

यादी वाचून दाखविली तरी सर्व माणसे तिला सारखेच उत्तर देत नाहीत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्ल कूस याने न्यूयॉर्क राज्यातील एका गावाला 'रीजनव्हिल' असे कल्पित नाव देऊन १९५४ मध्ये तेथील लोकांच्या आरोग्यकल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते लक्षण डॉक्टरला दाखवावयास हवे असे त्याने विचारले. सतत पाठ दुखणे हे दाखविण्याजोगे आहे असे वरच्या वर्गातील निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना वाटले. कष्टकरी वर्गात हे मत जेमतेम एक-पंचमांश लोकांचे होते. पाठ कोणाची अधिक दुखत असेल हे सांगावयास नको.

आपल्या देशात या गणनेचा प्रारंभ उणिवेच्या कबुलीने झाला. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात आजारपणाविषयी विश्वसनीय आकड्यांचा अभाव नोंदविला. राष्ट्रीय नमुना पाहणीने पन्नाशीच्या दशकात या दिशेने प्रायोगिक पावले टाकली. २८ व्या (१९७३-७४), ५२ व्या (१९९५-९६), ६० व्या (२००४) आणि नंतरच्या काही फेऱ्यांतून हे काम होत आले. पाहणीच्या सूचनापत्रात आजाराची व्याख्या अतिशय व्यापक आहे : शारीरिक व मानसिक स्वास्थ्यापासून कोणतेही विचलन. ही व्याख्या इंग्रजीत आहे. खेड्यातील ओट्यावर ती पोचते तेव्हा तिचा एखादा सुटसुटीत शब्द झालेला असतो, आणि मराठी मुलखात तो बहुधा 'आजारी' हाच असतो. शिवाय पुष्कळदा एकच व्यक्ती घरातील सर्वांच्या वतीने बोलते. हेगर्सटाउनची गृहिणी येथे कर्त्या पुरुषाच्या रूपाने पुन्हा भेटते, एवढाच फरक.

या आकड्यांतून निघालेले सर्वांत विलक्षण चित्र केरळ आणि बिहार यांचे आहे. ६० व्या फेरीत ग्रामीण केरळात शेकडा सुमारे २५ लोकांनी, तर ग्रामीण बिहारात शेकडा सुमारे ५ लोकांनी आपण आजारी होतो असे सांगितले. आयुर्मान मात्र केरळचे देशातील अग्रगण्य. अमर्त्य सेन यांनी २००२ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले आणि ज्याला शाळा व दवाखाना दोन्ही जवळ आहेत तो आपले दुखणे ओळखतो व सांगतो, असा तिचा अर्थ लावला. केरळात वृद्धांची संख्या अधिक आहे, याही गोष्टीचा वाटा त्यात असणारच. परंतु पाचपटीचा फरक केवळ वयाने पडत नाही. सेन यांनीच पूर्वी, १९८५ च्या पुस्तकात, बंगालमधील सिंगूरच्या पाहणीचा दाखला दिला होता. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेने १९४४ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्या दुसऱ्याच वर्षी, विधुर व विधवा यांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारले. आपण आजारी आहोत किंवा प्रकृती जेमतेम आहे असे शेकडा ४८.५ विधुरांनी सांगितले. विधवांत हे प्रमाण २.५ होते. केवळ 'जेमतेम' या सदरात विधुर ४५.६ होते आणि विधवा एकही नव्हती. दुष्काळातून वाचलेल्या विधवांची प्रकृती विधुरांहून उत्तम होती, असे हा तक्ता सांगतो. तो तसा वाचणे कोणाही शहाण्या माणसाला शक्य नाही.

महाराष्ट्रापुरते पाहता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान गडचिरोलीचे आहे. राणी बंग, अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची केवळ विचारपूसच केली नाही, तर तपासणीही केली. निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये आले. स्त्रीरोगांविषयी काही तक्रार आहे असे शेकडा ५५ स्त्रियांनी सांगितले. तपासणीत शेकडा ९२ स्त्रियांमध्ये एक वा अनेक विकार आढळले. यापूर्वी अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. म्हणजे आपुलकीने, नेमकेपणाने विचारल्यावर ५५, आणि पाहिल्यावर ९२. मग ज्या पाहणीत ओट्यावर बसून घरातील पुरुषाला 'कोणी आजारी होते का?' असे विचारले जाते तिच्या रकान्यात यांतील किती जणींची नोंद होणार? पेकमचे अंतर येथेही आहे, पण त्याचे कारण सारखे नाही. पेकममध्ये पुष्कळांना आपला विकार ठाऊकच नव्हता. येथे तो ठाऊक असूनही बोलण्याचा नव्हता.

मात्र विचारलेला आकडा नेहमी पाहिलेल्यापेक्षा कमीच असतो असेही नाही, आणि येथे उतावळ्या निष्कर्षापासून सावध राहावयास हवे. त्याच १९८९ साली अमेरिकेत क्रोएंके आणि मँगल्सडॉर्फ यांनी एका बाह्यरुग्ण विभागातील हजार रुग्णांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या. छातीत दुखणे, थकवा, चक्कर, डोकेदुखी यांसारख्या १४ नित्याच्या लक्षणांपैकी शेकडा १६ लक्षणांनाच शारीरिक विकाराचे निश्चित कारण सापडले. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे २,५०० स्त्रियांची पाहणी केली व २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पांढरे जाण्याची तक्रार शेकडा सुमारे १४.५ स्त्रियांनी सांगितली, आणि तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी, दुःखाशी अधिक असल्याचे आढळले. तक्रार खोटी नव्हती. जे अन्यथा सांगता येत नव्हते ते शरीराच्या भाषेत सांगितले गेले होते. गडचिरोली आणि गोवा यांचे निष्कर्ष एकमेकांस खोडतात असे काही अभ्यासक मानतात. मला तसे वाटत नाही. एका ठिकाणी विकार आहे पण वाक्य नाही. दुसऱ्या ठिकाणी वाक्य आहे, त्याचा विषय मात्र निराळा आहे. दोन्ही ठिकाणी तक्त्यातील आकडा हा उच्चारलेल्या शब्दांचा आकडा आहे.

काही वर्षांपूर्वी एका आरोग्यपाहणीची मराठी प्रश्नावली तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. तिच्या चाचणीसाठी सातारा जिल्ह्यातील एका गावी गणकाबरोबर मीही गेलो. तरुण गणकाने साठीच्या एका बाईंना विचारले, "मावशी, गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही आजारी होता का?" त्या म्हणाल्या, "न्हाई बा. आजारी कशानं पडू?" त्याने 'नाही'ची खूण केली. मी न राहवून विचारले, कंबर, गुडघे, डोके, झोप? "कंबर व्हय? ती हायेच की. गुडघं बी. झोप तर म्हातारा गेल्यापासनं न्हाई." आणि मग जरा थांबून, "पर त्ये काय लिवायचं?"

परत आल्यावर मी 'आजारी होता का' या प्रश्नाच्या आधी सात प्रश्न सुचविले : काही दुखते का, ठणकते का, जळजळते का, चक्कर येते का, धाप लागते का, झोप लागते का, आणि काही अंगावर काढले आहे का. मुलाखतीचा वेळ वाढतो या सबबीवर त्यांतील पहिले चार ठेवण्यात आले. झोपेचा प्रश्न गेला. शेवटचा प्रश्न 'अनुवाद करता येत नाही' असा शेरा मारून परत आला. मूळ प्रश्नावली इंग्रजीत असल्यामुळे जे तिच्यात नाही ते मराठीतही असू शकत नव्हते.